नवे खेळाडू येतात, पण थांबत नाहीत: छोट्या ऑनलाइन गेमवाल्यांना सविस्तर उत्तर

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या तिघा मित्रांनी अँड्रॉइडसाठी ऑनलाइन फुटबॉलचा गेम काढलाय. चार विरुद्ध चार, पाच मिनिटांचा सामना, पेठांपेठांचे संघ. एखादी रील चालली की दोन-तीन दिवस डाउनलोड भराभर वाढतात आणि आठवडा उलटला की परत तीच तीस-चाळीस जुनी पोरं उरतात. नवा माणूस एक तर लॉबीत (सामन्याआधी खेळाडू जमतात तिथे) कुणी भेटेना म्हणून जातो, नाही तर जुन्यांकडून नऊ-शून्यनं हरून जातो. हातात थोडे पैसे उरलेत, ते जाहिरातीत घालावेत का, असं त्यांनी विचारलंय.

घालू नका. निदान आत्ता तरी नको. मी बरीच वर्षं असेच छोटे गेम चालवत आलोय, आधी ब्राउझरवरचे आणि नंतर मोबाइलवरचे. या धंद्यात जाहिरातीचा पैसा वाया जायचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं. माणसं येतात, पण एकमेकांना भेटत नाहीत.

साधा हिशेब करू. समजा रोज ३०० जण गेम उघडतात आणि प्रत्येक जण २० मिनिटं थांबतो. एकूण मिनिटं झाली ६,०००. दिवसाची मिनिटं १,४४०. भागाकार केला की चाराच्या थोडं वर येतं. म्हणजे कुठल्याही क्षणी सरासरी चार माणसं हजर, आणि तुमच्या सामन्याला लागतात आठ. रात्री थोडी जास्त, दुपारी कमी असं होईल, पण दिवसाचा बराचसा वेळ मैदान रिकामंच. रोज ३०० माणसं ही छोट्या गेमला काही वाईट कमाई नाही, तरीही येणाऱ्याला वाटतं की हा गेम मेलेला आहे.

आता तेच ३०० जण रात्री साडेनऊ ते साडेदहा या एका तासात आले असं धरा. ६,००० भागिले ६०, म्हणजे एका वेळी १०० जण आत. बारा सामने एकदम चालू. ३०० सोडा, ६० जणच आले तरी एका वेळी २० जण असतात. दोन सामने चालू आणि चौघं पुढच्या सामन्याच्या तयारीत. रोजच्या माणसांचा आकडा पाचव्या हिश्श्यावर आला, तरी गेम जिवंत झाला. हा हिशेब एकदा डोक्यात बसला की पुढचे बरेच निर्णय आपोआप होतात.

म्हणून पहिलं काम म्हणजे वेळ बांधा. सार्वजनिक सामने रोज ठरलेल्या एका तासातच ठेवा. बाकी वेळेला संगणकाशी सराव, नेमबाजीची आव्हानं आणि मित्रांची खासगी खोली एवढंच उघडं राहू दे. दुपारी तीनला कुणी आलं तर त्याला फिरतं चाक दाखवून ताटकळत ठेवण्यापेक्षा ‘सामने रात्री ९:३० ला, आठवण करू का?’ असं सरळ विचारा. तिघांपैकी एकाला हे पटणार नाही, मला माहीत आहे. ‘आपणच गेम बंद ठेवायचा?’ असं तो म्हणेल. पण गेम तसाही बंदच आहे, फक्त त्यावर पाटी नाही.

ठरलेल्या वेळेची ताकद मोठ्या प्रमाणावर बघायची तर २०१७ मध्ये आलेला ‘एचक्यू ट्रिव्हिया’ आठवा. दिवसाच्या ठरावीक वेळी थेट प्रश्नमंजूषा, बाकी वेळ ॲपमध्ये करण्यासारखं फारसं काही नाही. २०१८ मध्ये एका वेळी वीस लाखांहून जास्त माणसं त्यात एकत्र आली होती. पुढे तो ओसरला आणि २०२० मध्ये एकदा बंदही पडला, हेही लक्षात ठेवा. वेळ बांधल्यानं माणसं एकत्र येतात. ती थांबतात का, हे तुमच्या मैदानावर काय घडतं त्यावर ठरतं.

वेळ कुठली, हे तुमच्या माणसांवर अवलंबून आहे. हॉस्टेलची मेस, दुकान वाढवून घरी येणारी मंडळी, क्लासहून सुटणारी पोरं असं बघितलं तर कोल्हापुरात साडेनऊ बरी पडते. कॅलेंडर समोर ठेवा. आयपीएलच्या मोसमात रात्री कुणी तुमच्याकडे वळणार नाही, तेव्हा तास मागे-पुढे करा नाही तर मोसमालाच सुट्टी द्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीची पोरं गायब असतात, गणपतीत आणि नवरात्रात मंडळातली. त्या काळात आकडे पडले म्हणून घाबरून गेममध्ये काही बदलू नका. उलट, शाहू स्टेडियमवर पाटाकडील-दिलबहार या तालीम संघांसारखी मोठी लढत ज्या दिवशी असते, त्या रात्री अख्खं गाव फुटबॉलवरच बोलत असतं. तुमच्या गेमला त्याहून चांगला दिवस मिळणार नाही. त्या रात्रीसाठी आठवडाभर आधी निमंत्रणं जाऊ देत.

वेळेइतकंच जागेचंही आहे. तुमच्या गेममध्ये तीन प्रकारचे सामने, दोन मैदानं आणि वर क्रमवारीचे वेगळे सामने आहेत, असं तुम्ही लिहिलंय. वीस माणसं एवढ्या ठिकाणी वाटली की प्रत्येक रांगेत दोन-तीन उरतात. एकच प्रकार ठेवा. मैदानं दोन्ही ठेवायची असतील तर एक दिवसाआड बदला, खेळाडूला निवडायला देऊ नका. सर्व्हरही एकच, मुंबईतला. पुणे, बेंगळुरूला गेलेली कोल्हापूरची पोरं त्याच सर्व्हरवर आरामात खेळतील आणि दुबईवालाही फार कुरकुर करणार नाही. आइसलँडच्या सीसीपी कंपनीचा ‘ईव्ह ऑनलाइन’ २००३ पासून चालू आहे. चीनमधला वेगळा सर्व्हर सोडला तर त्यांनी जगभरच्या खेळाडूंना एकाच विश्वात ठेवलं. बाकी कंपन्या सर्व्हरांची संख्या मिरवत होत्या, तेव्हा त्यांनी माणसं विभागली नाहीत.

जागा नकळत विभागायची आणखी एक वाट आहे, ती म्हणजे अपडेट. प्ले स्टोअरवर टप्प्याटप्प्यानं अपडेट सोडायची सोय आहे. मोठ्या गेमला ती वरदान वाटते. पण नवी आवृत्ती जुनीशी बोलत नसेल, तर तुमच्या साठ माणसांची तुम्हीच तीस-तीस अशी वाटणी केलीत. सर्व्हरनं मागची एक आवृत्ती तरी चालवून घेतलीच पाहिजे. ते जमत नसेल तर असा बदल सकाळीच सगळ्यांना एकदम द्या आणि गेम उघडताक्षणी अपडेट करायला लावा. ठरलेल्या तासाआधीच्या दोन तासांत काहीही सोडायचं नाही, हा नियम तर भिंतीवर लिहून ठेवा.

आता नऊ-शून्यकडे येतो. माझ्या मते तुमचं खरं दुखणं तेच आहे.

बुद्धिबळातल्या एलो मानांकनाचं (खेळाडूची ताकद गुणांत मांडायची पद्धत) गणित असं आहे की दोघांत ४०० गुणांचं अंतर असेल तर वरच्याकडून शंभरातल्या सुमारे ९१ गुणांची अपेक्षा असते. म्हणजे नवखा अकरा डाव खेळला तर जेमतेम एकात त्याला आशा. तुमची जुनी पोरं रोज खेळून तयार झालीत, त्यांच्यात आणि नव्यात अंतर यापेक्षा कमी नसणार. मोठ्या गेमकडे लाखो खेळाडू असतात, म्हणून ते नव्याला नव्याशी भिडवू शकतात. तुमच्याकडे त्या क्षणी वीस जण आहेत. तुम्ही कितीही हुशार मानांकन लिहा, निवडायला माणसंच नाहीत.

मग करायचं काय? प्रतिस्पर्धी निवडता येत नाही, पण संघ वाटता येतात. आठही जणांना मानांकनानं ओळीत लावा. पहिला, चौथा, पाचवा, आठवा एका बाजूला. दुसरा, तिसरा, सहावा, सातवा दुसऱ्या बाजूला. क्रमांकांची बेरीज दोन्हीकडे १८. सगळ्यात तगडा आणि सगळ्यात कच्चा एकाच संघात. यानं दोन गोष्टी साधतात. सामना तीन-दोन, चार-तीन असा अटीतटीचा होतो, आणि नव्याला हरवण्यात ज्याला मजा येत होती त्यालाच आता त्या नव्याला पास द्यावा लागतो. जुन्या मित्रांना एकत्र खेळायचं असतं, हे खरं. त्यांना दोघांची जोडी करू द्या, चौघांचा तयार संघ सार्वजनिक सामन्यात नको. चौघांना चौघांशी लढायचं असेल तर रविवारची रात्र वेगळी ठेवा. आठवडाभर तिची वाट बघतील.

हे गाव तालमींचं आहे, त्यामुळे तुम्हाला वेगळं सांगायला नको. नवा पोरगा आखाड्यात उतरला की वस्ताद त्याची जोड पहिल्याच दिवशी गाजलेल्या मल्लाशी लावत नाही. आणि मोठ्या पैलवानानं लहानग्याला जोर करून घ्यायला हाताशी धरलं, तर त्यात त्याची पत वाढते, कमी होत नाही. तुमच्या गेममध्ये पत कशानं वाढते? सध्या फक्त गोल मारल्यानं. गुणफलक बघा, त्यावर काय मोजलंय तेच लोक करणार. नव्या खेळाडूला दिलेल्या पासवर गोल झाला तर दोघांनाही जास्त गुण द्या. एखाद्याबरोबर पहिला सामना खेळलेला नवा माणूस आठवड्यानंतरही खेळत असेल, तर त्या जुन्याच्या नावापुढे काहीतरी दिसू दे. पट्टा, फेटा, रंग, काहीही. पैशात किंमत नसलेली ही वस्तू मिळवायला पोरं किती राबतात, हे बघून थक्क व्हाल.

हा जुन्या-नव्याचा झगडा मोबाइलबरोबर आलेला नाही. इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात १९७८ मध्ये रॉय ट्रबशॉ यांनी ‘मड’ नावाचा गेम सुरू केला. चित्र नाही, नुसता मजकूर, आणि एका वेळी अनेक जण. त्यावर पुढे काम केलेल्या रिचर्ड बार्टल यांनी १९९६ मध्ये अशा गेममधल्या खेळाडूंचे चार प्रकार मांडले. कुणी गुण जमवायला येतं, कुणी कोनाकोपरा धुंडाळायला, कुणी गप्पा मारायला, तर कुणी दुसऱ्याला त्रास द्यायला. चार प्रकार सगळ्यांना पाठ असतात. त्यांनी पुढे लिहिलेलं मात्र कमी वाचलं जातं. हे प्रकार एकमेकांवर परिणाम करतात, त्रास देणारे वाढले की गप्पांसाठी येणारे पांगतात. लाखोंच्या गेममध्ये असा एक जण कुणाच्या लक्षातही येत नाही. तुमच्या वीस जणांच्या तासात मात्र तो रोज प्रत्येक नव्याला भेटतो. असा एखादा तुमच्या चाळीस जणांत आहेच. त्याच्याशी आधी फोनवर बोला, आणि तो तुमचा पहिल्या दिवसापासूनचा खेळाडू आहे म्हणून पाय मागे घेऊ नका. ऐकला नाही तर महिनाभर बाहेर. एक जुना गेल्याचं तुम्हाला कळतं, त्याच्यामुळे गेलेले नवे तुम्हाला कधी दिसलेलेच नसतात.

मार खाण्याआधीच जे जातात, त्यांचं बघू. गेम उघडल्यापासून पहिला चेंडू पायात येईपर्यंत किती टप्पे आहेत, ते मोजा. मोबाइल नंबर आणि ओटीपी तिथे मागत असाल तर आजच काढून टाका. पाहुणा म्हणून थेट आत घ्या, खातं नंतर करू दे. अनोळखी गेमला नंबर द्यायला माणूस कचरतो, मुली तर हमखास मागे फिरतात. शिवाय २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यायची तरतूद आहे. तुमचे निम्मे खेळाडू शाळा-ज्युनियर कॉलेजचे असणार. जी माहिती घेतलीच नाही तिची जबाबदारीही नाही.

पहिला सामना संगणकाच्या खेळाडूंबरोबर खेळवायला हरकत नाही. मोठ्या गेमनीही हे केलंय, ‘फोर्टनाइट’नं २०१९ मध्ये असे खेळाडू आणले. पण त्यांना खरी नावं देऊन फसवू नका. नावापुढे ‘संगणक’ असं स्पष्ट असू दे. आपल्याकडे गोष्ट लगेच फुटते, आणि ‘सगळे बॉटच आहेत त्यात’ असं एकदा कट्ट्यावर पसरलं की तासाला आलेला खरा माणूसही बॉट वाटायला लागतो. त्यांचा खरा उपयोग वेगळा आहे. सात जण जमले आणि आठवा नाही, किंवा मध्येच कुणी तुटला, तर ती जागा भरायची.

तुटण्यावर जरा जास्तच लिहितो, कारण इथे बहुतेक छोटे गेम गार होतात आणि कारण कुणाला कळत नाही. तुमचा खेळाडू ऑफिसात खुर्चीवर बसलेला नाही. घरच्या वायफायवरून गच्चीवर जाताना तो मोबाइल डेटावर जातो, आयपी पत्ता (इंटरनेटवरचा फोनचा पत्ता) बदलतो, जोडणी तुटते. आईचा फोन येतो, गेम मागे पडतो, आणि कमी रॅमचा फोन असेल तर अँड्रॉइड गेमला मारूनच टाकतं. यातल्या कुठल्याही वेळी खेळाडूनं सामना सोडलेला नसतो. म्हणून त्याची ओळख आयपीवर किंवा जोडणीवर ठेवू नका. सामना सुरू होताना त्याला एक टोकन, म्हणजे ओळखीचा गुप्त क्रमांक, द्या आणि तो मिनिटभरात परत आला तर त्याच जागी, त्याच गुणांवर बसवा. तोवर संगणकाचा खेळाडू त्याच्या जागी पळू दे. ‘सामना सोडल्याबद्दल दंड’ ही मोठ्या गेमची नक्कल तर काढाच. नव्या पोराला आईचा फोन घेतल्याबद्दल दहा मिनिटं बाहेर बसवणारा गेम उद्या त्याच्या फोनवर नसतो.

याच्याच जोडीला दुसरी तांत्रिक गोष्ट. एका खेळाडूचा फोनच यजमान करून बाकीच्यांना थेट त्याला जोडायचं, असं काही टीम सर्व्हरचा खर्च वाचवायला करतात. आपल्याकडे मोबाइल नेटवर्कवर बऱ्याचदा अनेक ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असतात, त्यामुळे दोन फोन थेट जोडले जाण्याचा भरवसा नाही. वर यजमानाची बॅटरी संपली की सगळ्यांचा सामना गेला. छोटा का असेना, मधला सर्व्हर हवाच. एक तासाचाच खेळ असेल तर त्याचा खर्चही आटोक्यात राहतो. बाकी वेळ तो लहान करून ठेवता येतो.

माणसं आणायची कशी, यावर माझा एकच हट्ट आहे. एकेकटा आणू नका, गट आणा. एकट्यानं आलेल्याला थांबायला कारण फक्त तुमचा गेम. आठ जण मिळून आले तर त्यांना थांबायला एकमेकांचं कारण असतं, आणि पहिला सामना लगेच लागतो. गोकुळ शिरगावचं, कसबा बावड्याचं इंजिनिअरिंग कॉलेज, विद्यापीठातली वसतिगृहं, अशा ठिकाणी एका मजल्यावर आठ फोन सहज मिळतात. तिघांनी एकेका ठिकाणी संध्याकाळी जाऊन बसा. तिथे गेम समजावून सांगू नका. फोन हातात द्या आणि गप्प बसून बघा. कुठल्या बटणावर अंगठा अडखळतो, कुठे ‘आता काय?’ म्हणून तो शेजाऱ्याकडे बघतो, हे जितकं कळेल तितकं महागडं विश्लेषणाचं सॉफ्टवेअर सांगणार नाही. गप्प बसणं बनवणाऱ्याला फार अवघड जातं, म्हणून आधीच बजावतोय.

गेममध्ये गटासाठी एक चार अंकी खोली क्रमांक आणि व्हॉट्सॲपवर जाणारी लिंक हवी. लिंक दाबली की थेट मित्राच्या खोलीत, मध्ये एकही पान नको. ‘अमंग अस’चं उदाहरण यासाठीच बघण्यासारखं आहे. मोजक्या माणसांच्या इनरस्लॉथ कंपनीनं तो २०१८ मध्ये काढला आणि दोन वर्षं फारसा कुणाच्या नजरेत आला नाही. २०२० मध्ये थेट प्रक्षेपण करणाऱ्या लोकांनी तो आपापल्या मित्रांबरोबर खेळून दाखवला आणि जग त्यावर तुटून पडलं. सगळ्यांना ‘नशीब’ एवढंच दिसतं. पण बघणाऱ्यानं तो बघितला तेव्हा ‘आपणही आपली दहा जणं जमवून हे करू’ असं त्याला लगेच करता येत होतं, कारण कोड देऊन खोलीत शिरायची सोय आधीपासून होती. नशीब दारात आलं तेव्हा कडी काढलेली होती म्हणा ना.

यावरून रीलचंही बोलतो. कोल्हापुरी बोलीत रील करणाऱ्यांना चांगले प्रेक्षक आहेत, तुम्हाला एक-दोघांनी मदतही केलीय. पण रील कुणी सकाळी बघतं, कुणी परवा दुपारी. म्हणजे परत तीच विखुरलेली गर्दी. त्यांना सांगा, रील नको, मंगळवारी साडेनऊला आमच्याबरोबर थेट खेळा. खोली क्रमांक तिथेच जाहीर करा. रीलपेक्षा बघणारे कितीतरी कमी असतील, चालतंय की. ते एकाच वेळी येतील.

गप्पांसाठी डिस्कॉर्ड उघडायची घाई नको. तुमचा खेळाडू व्हॉट्सॲपवर आहे, तिथेच जा. पण सगळ्या खेळाडूंचा एकच मोठा ग्रुप करू नका, त्यात सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात आणि पहिल्याच भांडणात त्याचा गैरवापर होतो. घोषणेसाठी चॅनेल करा, त्यात नंबर दिसत नाहीत. संघ आपापले छोटे ग्रुप आपण होऊन करतील. गेममध्ये मोकळं लिहायची सोय सुरुवातीला बंदच ठेवा. त्याऐवजी तयार वाक्यं द्या: ‘पास दे की भावा’, ‘मागं ये’, ‘लय भारी’, ‘नाद खुळा’, ‘हुकलं रे’. शिव्यांची यादी करून त्या गाळायचा प्रयत्न मराठीत फसतो. इंग्रजी अक्षरांत मराठी शिवी लिहायच्या इतक्या तऱ्हा आहेत की यादी कधीच पुरी होत नाही. आवाजी संभाषण फक्त खासगी खोलीत असू दे. मुलींनी तुमच्याकडे खेळावं असं वाटत असेल तर हे तर कराच, आणि खेळाडूच्या पानावर फोटो किंवा खरं नाव मागूच नका.

पेठांच्या संघांबद्दल सावध करतो. गेमची ओढ त्यातच आहे, मान्य. पण खऱ्या तालीम मंडळांची नावं, चिन्हं, जर्सीचे रंग त्यांना न विचारता वापरू नका. जा, भेटा, परवानगी मागा, बहुतेकांना आनंदच होईल. आणि मैदानावरची ईर्षा कुठवर जाते, हे या गावात कुणाला शिकवायला नको. मोठ्या लढतीच्या रात्री तुमच्यापैकी एक जण खेळायचं सोडून फक्त लक्ष ठेवायला बसू दे. नव्याला पेठ निवडायला लावू नका, तो इचलकरंजीचा किंवा कागलचा असेल. पहिले काही सामने बिनपेठेचे, मग त्याला वाटलं तर निवडेल.

तुमच्या पत्रात मध्येच एक ओळ होती, ५० रुपये प्रवेश फी घेऊन रोख बक्षिसांची स्पर्धा भरवायची. ती कल्पना सोडून द्या. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला, त्यात पैसे भरून पैसे जिंकायचे खेळ बंद केलेत, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा. ई-स्पोर्ट्सला वेगळी वाट ठेवलीय, पण तिला मान्यता आणि नोंदणी लागते. तुमच्या आवाक्यात बसतं ते असं: प्रवेश मोफत, आणि एखाद्या मिसळवाल्यानं किंवा क्रीडा साहित्याच्या दुकानानं आपखुशीनं दिलेलं बक्षीस. तेही सुरू करण्याआधी वकिलाला एकदा दाखवा.

मोजायचं काय? टक्केवारी नको. वीस नव्या माणसांतले पाच परत आले की सहा, यात टक्का पाचानं हलतो आणि त्याला काही अर्थ नसतो. एक वही करा. रोज आलेल्या नव्यांची गेममधली टोपणनावं लिहा आणि पुढे तीन खुणा: पहिला सामना पुरा केला का, त्याच माणसांबरोबर दुसरा खेळला का, दुसऱ्या रात्री आला का. मधली खूण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ती नसेल तर तिसरी क्वचितच येते. सामना संपल्यावर ‘हेच आठ जण, परत?’ असं मोठं बटण द्या आणि ते दाबणं बाहेर पडण्यापेक्षा सोपं करा. तुमच्या गेममध्ये सामना संपला की सगळ्यांना मुख्य पानावर फेकलं जातं. आत्ताच कुठे ओळख झालेली माणसं तुम्ही स्वतःच पांगवताय.

काही जणांना हे वाचून वाटेल की आमचा गेम अजून बाहेरच आलेला नाही, आम्हाला काय उपयोग. नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेलं वैयक्तिक खातं असेल तर गेम सगळ्यांसाठी खुला करण्याआधी प्ले स्टोअर बंद चाचणी मागतं: सध्या १२ जण, सलग १४ दिवस. आधी २० जण लागायचे. बरेच जण ही अट उरकायला अनोळखी लोकांकडून ‘तू माझा घे, मी तुझा घेतो’ असं करतात. त्याऐवजी तेच १४ दिवस ओळखीची माणसं घेऊन रोज साडेनऊचा तास चालवा. बारा जण म्हणजे एक सामना आणि चार राखीव. गेम खुला होईल त्या दिवशी तुमच्याकडे रोज भेटायची सवय लागलेली माणसं असतील.

राहिला पैसा. तास सहा-आठ आठवडे चालवा. जाहिरातीशिवाय, मोठी लढत नसलेल्या साध्या बुधवारीही दोन सामने आपोआप लागायला लागले, आणि वहीत मधली खूण निम्म्या नव्यांपुढे दिसायला लागली, तर पैसे बाहेर काढा. तेव्हाही आठवडाभर पसरून नको, संध्याकाळी सात ते साडेनऊ एवढ्याच वेळात आणि कोल्हापूर-सांगलीपुरतीच जाहिरात लावा. आणि बुधवार भरलाच नाही तर चार-चारचा सामना दोन-दोनवर आणून बघा. आठाऐवजी चार माणसं लागतील, मैदान लहान करावं लागेल, एवढाच बदल. तुमचा चेंडूचा खेळ मी खेळून बघितलाय, दोन-दोनमध्ये तो कदाचित जास्त रंगेल. पासिंगचा वेग थोडा कमी करा मात्र, नव्याला चेंडू दिसेपर्यंत तो गोलात गेलेला असतो.